लोखंड कापायला कोणतं मशीन घ्यावं? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

वर्धा जिल्ह्यात गावातच माझं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरचे स्टँड, वर्षभर गेट-ग्रिल आणि पेरणीच्या तोंडावर वखर-डवऱ्यांची डागडुजी. आतापर्यंत हँड ग्राइंडर आणि हॅक्सॉवर भागवलं. आता १४ इंची कट-ऑफ (घासून कापणाऱ्या चाकाचं मशीन) घ्यावं की लहान बँडसॉ (दातेरी पट्टी फिरवून कापणारं)? लाइन सिंगल फेज आहे. किंमत दुकानदार सांगतोच, तुम्ही वापरातलं सांगा.

यवतमाळकडून

सिंगल फेजवर कट-ऑफ आरामात चालतं, पण व्होल्टेज पाहा. मशीन दोन-सव्वादोन हजार वॅटचं, म्हणजे दहा अँपियरच्या आसपास खेचतं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चाक मालात दबतं, मोटार घुमते आणि वास येतो. तेव्हा जोर लावायचा नाही, हँडल उचलायचं. बारीक वायरीचं लांब एक्सटेन्शन तर मुळीच नको. मीटरपासून जाड वायर ओढून घ्या.

दारव्ह्याकडून

भाऊ, मशीन कोनतं बी घ्या, पन कापूस कुठी ठेवता ते पैले सांगा. आमच्या इकडे दिवाळीनंतर घरात कापूस, वसरीत कापूस. कट-ऑफची ठिनगी मांगं धा-बारा फूट जाते. विझली वाटते, पन कापसात धुमसत रायते अन् रातच्याले पेटते. म्या मांगून जुन्या ड्रमचा पत्रा उभा केला, खाली रेती टाकली. पान्याची बादली त पायजेच. काम झाल्यावर घंटाभर दुकानाले कुलूप लावत नाई.

अमरावतीहून

माझ्याकडे बँडसॉ आहे. आवाज कमी, ठिणगी नाही, कापलेलं टोक गरम होत नाही. पण मशीनपेक्षा पट्टीचं गणित मोठं. मालात एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. भरीव शाफ्टला मोठे दात चालतात. पातळ पाइपला तेच लावले तर एकेक दात कडेला अडकून तुटतो. अँगल कापताना त्याची पाठ वर करून, उलट्या व्हीसारखा धरा. दोन्ही पाय सारखे कापले जातात, पट्टी एकदम रुंद मालात उतरत नाही.

कापताना लोखंडाचा जो किस पडतो, त्याकडे लक्ष ठेवा. कुरळा आणि गार किस पडला की सगळं बरोबर. भुकटी पडते म्हणजे पट्टी नुसती घासते आहे, दाब वाढवा. किस निळा पडला तर दाब किंवा वेग जास्त झाला. नवी पट्टी सुरुवातीला अर्ध्या दाबावरच चालवायची, आमचे कारागीर हे ऐकत नाहीत आणि महिन्याचा खर्च वाढतो.

एक गोष्ट मात्र बँडसॉवर आणायची नाही. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. वखराची पास (जमीन कापणारं पातं) करायला लोक हाच पाटा घेऊन येतात. तो पाणी देऊन (तापवून विझवून) कडक केलेला असतो, पट्टीचे दात जातात. त्याला कट-ऑफचं चाकच हवं. चाकाने कड निळी पडते आणि तिथला पाणीदारपणा उतरतो, म्हणून थोडा जास्त सोडून कापा आणि नंतर घासून काढा.

हिंगणघाटजवळून

पॉवर हॅक्सॉचं कोणी नावच काढलं नाही! हळू आहे, कबूल. पण दोन इंची शाफ्ट बांधून द्यावा, साबणी तेलाचं पाणी सोडावं आणि आपण वेल्डिंगला बसावं. कापून झालं की आपोआप बंद. सिंगल फेज मोटारीवरही मिळतं. शेतीच्या थ्री फेजवर दुकान चालवायचा विचार करू नका. ती लाइन पाळीपाळीने येते आणि ते कनेक्शन दुकानासाठी नसतंच.

पुसदहून

सामान मी आणते, म्हणून चाकांबद्दल सांगते. चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. दुकानदार जुना गठ्ठा पुढे करतो, तेव्हा कडी वाचून घ्यायची. पावसाळ्यात चाकं भिंतीला टेकवून उभी ठेवायची नाहीत, ओल धरतात. आडवी, कोरड्या पेटीत.

नागपूरहून

कार्बाइडच्या कठीण दातांचं पातं असलेलं ड्राय-कट मशीनही बघा. ठिणग्या नगण्य, काप स्वच्छ. पण ते पातं स्वस्तात मिळालं म्हणून साध्या कट-ऑफवर चढवू नका. कट-ऑफ मिनिटाला साधारण ३८०० फेरे घेतं, हे पातं साधारण १३०० ते १५०० फेऱ्यांसाठी. दात उडाला तर गोळीसारखा येतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पाटे आणि पासाच जास्त येतात, तेव्हा कट-ऑफच घेतो. मागे पत्रा आणि रेतीही करतो. दुकानात मशीन तपासायचं कसं?

अमरावतीहून

चौकोनी पाइपचा तुकडा सोबत न्या. माल धरणारा शिकंजा नव्वद अंशावर लावून कापा. मग एक तुकडा उलटा फिरवून दोन्ही कापलेली तोंडं जुळवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसते, काटकोन तपासायचा गुण्याही लागत नाही. शिकंजा सरळ करून पुन्हा कापायला लावा. तरीही फट राहिली तर दुसरं मशीन काढायला सांगा.