मदत हवी आहे: ७८च्या तबकडीवरचा वॉल्ट्झ घुमतो आणि व्हायोलिन दबतात

योहान स्ट्राउसच्या ‘ब्ल्यू डॅन्यूब’ची मिनिटाला ७८ फेऱ्यांची, १२ इंची लाखेची तबकडी मिळाली आहे. इंग्लंडमध्ये छापलेली, १९३०च्या दशकातली, म्हणजे ध्वनिमुद्रण मायक्रोफोनवरचं. वॉल्ट्झ दोन बाजूंना विभागलाय. सुरुवातीला व्हायोलिनच्या थरथरत्या सुरांवर हॉर्न हळूच येतो, तिथे अजूनही अंगावर काटा येतो! पण पुढे वाद्यवृंद भरात आला की खालचे सूर नुसते घुमतात आणि व्हायोलिनवर कांबळं टाकल्यासारखं वाटतं.

डिस्टिल्ड वॉटरने धुतली (अल्कोहोलने लाख विरघळते, म्हणून ते टाळलं). ७८साठीची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लावली, एलपीची (नंतरच्या, बारीक खाचांच्या तबकड्यांची) नाही. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केलं. खरखर बरीच कमी झाली, घुमणं मात्र तसंच. वेग तपासलाय, सूर बरोबर लागतात. याच संचावर एलपी छान वाजतात.

माझा संशय फोनो प्रीअँपवर (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रावर) आहे. त्यात फक्त आरआयएए कर्व्ह (तबकडी कापताना कमी केलेले खालचे आणि वाढवलेले वरचे सूर वाजवताना पूर्ववत करणारं ठरावीक प्रमाण) आहे आणि तो १९५४ नंतर रूढ झाला. त्या काळच्या ब्रिटिश तबकड्यांना २५० हर्ट्झचा टर्नओव्हर (ज्या सीमेखालचे सूर कापताना कमी करत ती) असे आणि वाजवताना वरच्या सुरांना कपात नसे, असं वाचलंय.

नवा प्रीअँप घेणं सध्या शक्य नाही. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करता येतं. नॉइज रिडक्शन नको, त्यात व्हायोलिनचा जीवच जातो.

तर आधी आरआयएए पूर्ण उलटवून मग २५०चा कर्व्ह लावायचा, की दोन्हींतला फरक एकदाच लावला तरी चालेल? आणि १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झला किती डेसिबल ठेवायचे?