बदकाची पिल्लं कोंबड्यांत कधी सोडू?

प्रश्न: खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची पाच पिल्लं सहा आठवड्यांची झालीत. पाठीवर अजून तपकिरी लव आहे. परसात सात गावठी कोंबड्या. काल तासभर सोडली, तर थोरल्या कोंबडीने एकाच्या डोक्यात चोच मारली, रक्त आलं. जीव नुसता खालीवर होतोय.

उत्तर: ताई, पाठ पिसांनी भरू दे. तोवर मध्ये जाळी लावा, एकमेकांना बघू देत. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल ठेवा.

उत्तर: रात्री वेगळीच ठेवा. आमच्या खुराड्यातलं तूस बदकांनी पाणी सांडून भिजवलं, बुरशी धरली. आणि नर किती? मोठे झाले की कोंबड्यांवर चढतात, जखमा होतात.

प्रश्नकर्ती: नर ओळखायचे कसे?

उत्तर: आवाजावरून. मादी खणखणीत ओरडते, नराचा घसा बसल्यासारखा.

प्रश्नकर्ती: दोघं घोगरी आहेत! जाळी आजच बांधते.