पाळकांनी आपल्या वडिलांकडून नेमके काय घेतले?

प्रश्न : तरुण संघ, पुणे
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. पितृदिनाच्या रविवारी मला आमच्या मंडळीपुढे बोलायचे आहे. पाळकाच्या घरात वाढून पुढे स्वतः पाळक झालेल्यांनी वडिलांकडून काय घेतले, याची खरी उदाहरणे हवी आहेत. ‘वडिलांनी प्रार्थना शिकवली’ एवढ्यावर थांबणारे दाखले पुष्कळ मिळतात. मला वडिलांचे एखादे वागणे आणि मुलाच्या सेवेत उमटलेला त्याचा परिणाम यांतला दुवा हवा आहे. वडिलांचा शब्द मोडणारा मुलगाही त्यांच्याकडून शिकतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : ग्रंथपाल
अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांचे वडील १९३१ पासून अटलांटातील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाळक होते. लहानपणी वडिलांबरोबर बुटांच्या दुकानात गेले असता ते दोघे पुढच्या खुर्च्यांवर बसले. गोऱ्या विक्रेत्याने त्यांना मागच्या बाजूला जाण्यास सांगितले, तेव्हा वडील म्हणाले की, बूट घेऊ ते इथेच बसून, नाहीतर घेणारच नाही, आणि मुलाचा हात धरून ते बाहेर पडले. पुढे वडील गाडी चालवत असताना एका पोलिसाने त्यांना ‘पोरा’ म्हणून हाक मारली, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाकडे बोट दाखवून ‘पोर हा आहे, मी पुरुष आहे’ असे त्यांनी सुनावले. किंग यांनी हे प्रसंग १९५८ साली स्वतःच लिहून ठेवले आहेत. बसमधील वर्णभेदाविरुद्ध किंग यांच्या नेतृत्वाखाली माँटगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्कारात स्वाभिमान न सोडता नकार देण्याची जी रीत दिसते, ती त्यांनी प्रथम घरात पाहिली होती, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. फेब्रुवारी १९५६ मध्ये, किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर बाँब पडून काहीच आठवडे झाले असताना आणि बहिष्कारापायी अटक समोर दिसत असताना, वडिलांनी अटलांटातील वजनदार मित्रांना घरी बोलावून मुलाने माँटगोमेरीला परत जाऊ नये म्हणून गळ घातली. मुलाने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी वडील त्याच्याबरोबर प्रवास करून गेले आणि तो तुरुंगात हजर झाला तेव्हाही सोबत होते. मला तर बुटांच्या दुकानापेक्षा हाच धडा मोठा वाटतो.

उत्तर २ : मेथॉडिस्ट वाचक
मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनीही असाच वडिलांचा शब्द मोडला होता. इंग्लंडमधील एपवर्थ या गावी त्यांचे वडील सॅम्युएल यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. ते कर्जापायी तुरुंगात गेले, आणि १७०९ साली पाळकगृह जळाले. १७३४ मध्ये थकलेल्या वडिलांनी आपली जागा घेण्यास विनवले असता ऑक्सफर्डमध्ये असलेल्या जॉन यांनी लांबलचक पत्र लिहून नकार दिला. पुढच्याच वर्षी वडील वारले. जून १७४२ मध्ये जॉन गावी आले, तेव्हा तेथील साहाय्यक पाळकाने त्यांना व्यासपीठ नाकारले, म्हणून संध्याकाळी चर्चच्या आवारात वडिलांच्याच कबरीवर उभे राहून त्यांनी उपदेश केला. तेथील लोकांचा प्रतिसाद पाहून त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले की, वडिलांनी इतकी वर्षे श्रम केले आणि त्यांना फळ फारसे दिसले नाही, तरी पेरलेले बी आता उगवले आहे; म्हणून फळ लगेच दिसले नाही तरी प्रेमाचे श्रम वाया गेले असे कोणी समजू नये. वडिलांच्या सेवेची किंमत काही मुलांना अशी उशिरा कळते, आणि ती कळणेही शिकणेच आहे.

उत्तर ३ : पाळक, नगर जिल्हा
माझे वडीलही पाळक होते. वरील प्रसंगांबरोबर पैशाचा विषयही जरूर घ्यावा, कारण मंडळीचा विश्वास बहुधा तिथेच ढळतो. उपासनेनंतर दोन पंच दान मोजत असताना वडील थैलीला हात लावत नसत. रक्कम वहीत चढून पंचांच्या सह्या होईपर्यंत ते जेवायलाही उठत नसत. कापणीच्या सणाला आलेले धान्य, भोपळे आणि कोंबड्या यांचा लिलाव होई, तेव्हा घरात गरज असली तरी त्यांनी कधी बोली लावली नाही, कारण पाळकसाहेबांनी आकडा उच्चारला की संकोचाने कोणी पुढे बोलत नाही आणि मंडळीचे नुकसान होते. त्यांनी हे मला कधी समजावून सांगितले नाही. पहिल्यांदा माझ्या मंडळीत लिलाव पुकारला गेला, तेव्हा मीही गप्प बसलो आणि आजही बसतो.