गायक आणि पियानोवादक: ही साथ म्हणायची की आणखी काही?

पेटीवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी गेली बावीस-तेवीस वर्षं पेटीची साथ करतो. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, जे येईल ते. पाश्चात्त्य संगीतातलं मला फार कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका आजोबांनी घर आवरताना त्यांच्याकडच्या रेकॉर्ड्स मला देऊन टाकल्या. त्यात शुबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराची ‘विंटररायझे’ ही चोवीस गाण्यांची मालिका निघाली. गायक डीट्रिख फिशर-डीस्काऊ, पियानोवर जेराल्ड मूर. जर्मनचा एक शब्द कळत नव्हता, तरी दुसऱ्या गाण्यापासून मी गायकाला सोडून पियानोच ऐकायला लागलो. आपल्या सवयीने मी वाट बघत होतो, की हा माणूस गायकाच्या मागून कधी येतोय. तो मागून येतच नाही. गायकाने तोंड उघडायच्या आधी याचं बरंच काही सांगून झालेलं असतं, आणि गायक थांबला तरी हा आपलं बोलणं पुरं करूनच थांबतो.

तर मला विचारायचंय की याला साथ म्हणतात का? असे गायक-वादक वर्षानुवर्षं एकत्र राहतात, की संयोजक देईल त्याच्याबरोबर गायचं? आमच्याकडे गायकबुवा दौऱ्यावर निघाले की कधी नेहमीचा पेटीवाला बरोबर असतो, कधी तिथलाच कुणी बसतो. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात निवेदिकेने तबलजींचं नाव घेतलं, तंबोऱ्यावरच्या दोघी मुलींचं घेतलं, माझं राहिलं. शेवटी बुवांनीच माईक मागून घेऊन सांगितलं, तोवर अर्धे लोक चपला शोधत होते. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. कुणी नीट सांगेल का?

सांगलीकर_लाइपझिग

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी इथे गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी पियानो वाजवते, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि माझे आजोबा सांगलीत पेटी वाजवायचे, त्यांचा भाता मी लहानपणी मारलेला आहे. त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुम्ही ऐकलंत त्या प्रकाराला लीड म्हणतात. कविता घ्यायची आणि ती आवाज व पियानो दोघांसाठी मिळून रचायची. पियानोचा एकूणएक सूर शुबर्टने लिहून ठेवलाय, म्हणून मूर मागून येताना दिसला नाही. पहिल्या गाण्यात, ‘गुटे नाख्त’मध्ये, पियानोवर सारखी एकसारखी पावलं पडत असतात. प्रेमात हरलेला माणूस रात्री गाव सोडून चाललाय, आणि तो चालतोय हे गायक नाही, पियानो सांगतो. शेवटच्या कडव्यात तीच पावलं मायनरमधून मेजरमध्ये जातात, तुमच्या भाषेत कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. तो माणूस झोपलेल्या मुलीच्या दाराशी पोचलेला असतो. ही जागा वाजवताना माझा श्वास अजूनही अडकतो.

तुमचं काम याहून वेगळं आहे. गायक पुढच्या क्षणी कुठे वळणार हे तुम्हाला ठाऊक नसतं, कानावर विसंबून बोटं टाकायची. मला विचाराल तर त्यात जोखीम जास्त आहे. माझ्यासमोर निदान कागद असतो.

आता जोड्यांचं. याची सुरुवात शुबर्टपासूनच होते. योहान मिखाएल फोगल हा व्हिएन्नाच्या ऑपेरातला नावाजलेला गायक, शुबर्टहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठा. ७ मार्च १८२१ ला त्याने शुबर्टचं ‘एर्लक्योनिग’ हे गाणं जाहीर कार्यक्रमात गायलं आणि शुबर्टचं नाव घराबाहेर पडलं. १८२५ च्या उन्हाळ्यात दोघं ऑस्ट्रियात गावोगाव फिरले, ष्टायर, ग्मुंडेन, लिंझ, साल्झबुर्ग. त्या प्रवासात शुबर्टने भावाला पत्रात लिहिलंय की फोगल गातो आणि मी वाजवतो तेव्हा आम्ही दोघं एकच असल्यासारखे होतो, आणि इथल्या लोकांना हे अगदीच नवीन आहे. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला या पत्रात दिसतं.

तुमच्या रेकॉर्डवरच्या मूरचं आयुष्य तर तुम्ही मुद्दाम समजून घ्यावं असं आहे. जन्म १८९९, इंग्लंडमधलं वॉटफर्ड. लहानपणी कुटुंब कॅनडात गेलं, तिथे त्याने मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवला. परत आल्यावर जॉन कोट्स नावाच्या टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, गायकाने त्याला घासूनपुसून तयार केलं. शब्द वाच, कविता समजून घे, मग हात ठेव, असं ते शिक्षण. म्हणजे वादकाला वादक एका गायकाने केलं. पुढे त्याने आत्मचरित्राला नाव काय दिलं, तर ‘ॲम आय टू लाउड?’, म्हणजे माझा आवाज जास्त होतोय का? साथ करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटातला हा प्रश्न. तुमच्याही असणार.

२० फेब्रुवारी १९६७ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला. गायला तीन जण: एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काऊ. त्या काळी यांतल्या एकेकाच्या नावावर सभागृह भरायचं. ते तिघंही एका पियानोवाल्यासाठी एका मंचावर आले. सगळं संपल्यावर मूर एकटाच परत येऊन बसला आणि शुबर्टचं ‘आन डी म्युझीक’, संगीताचे आभार मानणारं गाणं, त्याने गायकाशिवाय वाजवलं. मूळ गाण्यात डावा हात खालच्या सुरांत गायकाशी बोलत असतो. त्या रात्री दोन्ही बाजू त्याच्याच हातात होत्या. ते रेकॉर्डिंग मिळतं, जरूर ऐका.

मंचावरून उतरला तरी स्टुडिओ त्याने सोडला नाही. १९६६ ते १९७२ या काळात फिशर-डीस्काऊ आणि तो यांनी शुबर्टची चारशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली.

पण फिशर-डीस्काऊ काही एकाच वादकाचा नव्हता. ‘विंटररायझे’ तो पहिल्यांदा गायला १९४३ च्या जानेवारीत, सतरा वर्षांचा असताना, बर्लिनच्या त्सेलेनडोर्फमध्ये. मध्येच बॉम्बहल्ला सुरू झाला, गायक-श्रोते सगळे तळघरात गेले, आणि हल्ला थांबल्यावर वर येऊन उरलेली गाणी झाली. तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तो हीच चोवीस गाणी गात राहिला. मूर, यॉर्ग डेमुस, डॅनिएल बॅरेनबॉइम, आल्फ्रेड ब्रेंडेल, मरी पराया, प्रत्येकाबरोबर त्याने ती वेगळी ध्वनिमुद्रित केली. लागोपाठ ऐकून बघा. सूर तेच, कागद तोच. बॅरेनबॉइमबरोबर तो थांबतो, रेंगाळतो. ब्रेंडेलबरोबरचं पाऊल मला जास्त कोरडं, थंडीने कडक झालेल्या जमिनीवर पडल्यासारखं वाटतं. वादक बदलला की गायकाचं गाणं बदलतं, हे मी मुलांना याच रेकॉर्ड्स लावून शिकवते.

याच्या नेमकं उलट ग्रॅहम जॉन्सनने केलं. तो मूरकडेही शिकलेला पियानोवादक. त्याने शुबर्टची सगळी गाणी ३७ डिस्कमध्ये केली, त्यात पियानोवर कायम तोच, आणि गायक बदलत जातात. कुठल्या गायकाच्या गळ्याला कुठलं गाणं, हे पियानोवाल्याने ठरवलं!

आणि एकाच जोडीने आयुष्य काढलेलेही आहेत. टेनर पीटर पिअर्स आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटन घरातही जोडीदार होते. ब्रिटनने कितीतरी गाणी पिअर्सच्याच गळ्यासाठी लिहिली आणि स्वतः वाजवली. १९७३ च्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रिटनच्या उजव्या हातात पूर्वीची ताकद राहिली नाही. मग पिअर्स हा मरी पराया आणि हार्पवादक ओसियन एलिस यांच्याबरोबर गायला लागला, आणि ब्रिटन पिअर्ससाठी आवाज आणि हार्पची गाणी लिहू लागला. आजचं नाव सांगायचं तर ख्रिस्टियान गेरहाहर आणि गेरोल्ड हूबर. दोघंही बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग गावचे, तरुणपणापासूनचे मित्र. गेरहाहर तर डॉक्टरकीही शिकलेला. इतक्या वर्षांनी तो श्वास कुठे घेणार हे हूबरला बघावं लागत नाही.

माझ्यासारख्यांची कारकीर्द यापेक्षा खूप साधी असते. दिवसभर विद्यार्थ्यांबरोबर बसायचं, शब्द बसवून घ्यायचे, सर्दी झालेल्या मुलीसाठी गाणं दोन सूर खाली उतरवून वाजवायचं. प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत एका सकाळी ‘एर्लक्योनिग’ तीन-तीनदा येतं. उजव्या हातात घोड्याच्या टापा न थांबता धावत असतात, तिसऱ्या वेळी मनगटापासून कोपरापर्यंत हात पेटतो. पण गाणारं पोर घाबरलेलं असतं, त्याला ते कळता कामा नये. नाव म्हणाल तर आता लीडच्या कार्यक्रमात बहुतेक ठिकाणी दोघांचं बरोबरीने छापतात. परीक्षेच्या निकालात माझं नाव नसतं. पोर पास झालं की जिन्यातून धावत येऊन मिठी मारतं.

वसईचा_बेस

ताई, सुंदर लिहिलंत. मी चर्चच्या क्वायरमध्ये बेस, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, गातो, त्यामुळे हे सगळं आमच्या घरचं. एक भर घालतो. आपल्या मुंबईत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ लंडनला शिकायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने खास त्यांच्या आवाजासाठी तिसाहून जास्त रचना केल्या. त्यांचे पती मार्क ट्रूप पियानोवादक. दोघं मिळून भारतात येऊन इथल्या मुलांना गाणं शिकवतात. आमच्यासारख्यांना याची किंमत फार आहे, कारण आपल्याकडे गळे पुष्कळ आहेत, पण गायकाबरोबर बसून शिकवू शकेल असा पियानोवाला शोधायला गेलं की पंचाईत होते. आमच्या क्वायरमधली एक मुलगी मोबाइलवर पियानोचा ट्रॅक लावून रियाज करते. ट्रॅक तिच्या श्वासासाठी थांबत नाही, ती ट्रॅकसाठी श्वास तोडते. ऐकताना जीव तुटतो.

आणखी एक नाव, कॅथलीन फेरिअर. ती आधी पियानोवालीच, ब्लॅकबर्नला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. १९३७ मध्ये नवऱ्याशी एका शिलिंगची पैज लागली म्हणून कार्लाइलच्या स्पर्धेत पियानोबरोबर गाण्यातही नाव दिलं, आणि दोन्हीत पहिली आली! १९४९ ला एडिंबरा महोत्सवात ती गायली तेव्हा पियानोवर ब्रुनो वाल्टर होता, एवढा मोठा ऑर्केस्ट्राचा संचालक. १९५३ मध्ये कर्करोगाने गेली, वय फक्त ४१.

पेटीवाला_डोंबिवली

दोघांचे मनापासून आभार. ताई, काल रात्री तुमचं वाचून रेकॉर्ड परत लावली, आणि या वेळी अगदी शेवटच्या गाण्यापर्यंत गेलो. मी ताडकन उठून बसलो. अहो, तो डाव्या हाताने सा-प धरून बसलाय! गाणं संपेपर्यंत सोडतच नाही. हा तर तंबोरा झाला. सुरुवातीला पंचमाला खालून कसलातरी कण, म्हणजे दुसऱ्या सुराचा ओझरता स्पर्श, लागल्यासारखा वाटला. मला भास झाला की खरंच आहे?

सांगलीकर_लाइपझिग

भास नाही दादा, कान आहे तुमचा! ते ‘डेर लायरमान’. लायर म्हणजे दांडा फिरवून वाजवायचं वाद्य, त्यात षड्ज-पंचमाच्या तारा सतत गुणगुणत राहतात. शुबर्टने ते पियानोत आणलं. तो कण तीव्र मध्यमाचा, आणि फक्त पहिल्या दोन बारमध्ये, म्हणजे तालाच्या पहिल्या दोन मापांत. जुनं वाद्य सुरात यायला क्षणभर वेळ घेतं तसा. पुढे नुसता स्वच्छ सा-प.

आता बारकाईने ऐका. गायक गातो तेव्हा उजवा हात बहुतेक गप्प असतो, आणि तो थांबला की वाद्याची छोटीशी सुरावट येते. गावाबाहेर बर्फात एक म्हातारा अनवाणी उभा राहून वाजवतोय, त्याची थाळी रिकामी आहे, कुत्री गुरगुरताहेत, कुणी ऐकत नाही. तेवीस गाणी हा मुसाफिर स्वतःशीच बोलत आला. चोविसाव्यात तो पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी बोलतो, आणि विचारतो काय, तर बाबा, मी तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना तू वाजवशील का?

म्हातारा शब्दाने उत्तर देत नाही. पियानो थोडासा वाजतो आणि विरतो.

पेटीवाला_डोंबिवली

ताई, हे मला पेटीवर बसवायचंय. कण पण घेणार. नोटेशन मिळेल का?

सांगलीकर_लाइपझिग

मिळेल की. उजव्या हाताची सुरावट सरगममध्ये लिहून पाठवते. पट्टी कुठली ते सांगा.

पेटीवाला_डोंबिवली

काळी एक.