मदत हवी आहे: लेझरच्या चष्म्याचा ओडी (प्रकाश किती अडतो त्याचा आकडा) ६ असायला हवा, मोजल्यावर ४.३ येतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रयोगशाळेत ५३२ नॅनोमीटरचा २ वॅटचा हिरवा लेझर आहे, बीम साधारण दीड मिलिमीटर. त्यासाठी सहा चष्मे आहेत, सगळे जुने, आणि विद्यार्थी तेच घालून बसतात म्हणून जिवाला घोर लागून राहिलाय. काचेवर बारीक अक्षरात "५३२ डी एलबी६" असं कोरलंय, पुढे १०६४ चंही आहे. एलबी६ ही संरक्षणाची पातळी, म्हणजे ओडी निदान ६; ओडी एकाने वाढला की आरपार जाणारा प्रकाश दसपट कमी, म्हणजे दहा लाखातला एकच भाग आरपार जायला हवा ना? पण स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो ते मोजणारं मशीन) लावून बघितलं तर ५३२ ला ४.३ च्या वर आकडा जातच नाही, आणि गंमत म्हणजे सहाही चष्म्यांना जवळपास तोच आकडा. ८०८ नॅनोमीटरला मात्र फक्त ०.९ येतोय, तो तर काचेवर लिहिलेलाच नाहीये.

आणखी एक, एका चष्म्याच्या डाव्या काचेवर कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरट फोड आलाय, बोट फिरवलं की नखाला लागतो. आरपार गेलेला नाही. सगळे फेकू की माझं मोजायचंच चुकतंय? कृपया सांगा.

प्रतिसाद १:
सहाही चष्म्यांना सारखाच आकडा येतोय यातच उत्तर आहे बहुतेक. एक काम करा, चष्म्याच्या जागी धातूची पट्टी लावा, प्रकाश पूर्ण बंद. तरीही ४ च्या आसपासच आकडा आला तर ती तुमच्या मशीनची हद्द आहे, चष्म्याचा दोष नाही. साध्या मशीनच्या आत भटका प्रकाश असतो आणि डिटेक्टरचा स्वतःचा नॉइज असतो, त्यापलीकडे त्याला दिसत नाही. ओडी ६ मोजायला दोन मोनोक्रोमेटरवालं (एकच तरंगलांबी निवडणारा भाग) मशीन लागतं, नाहीतर लेझर आणि फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर). १०० मिलिवॅट सोडलात तर ओडी ६ च्या मागे १०० नॅनोवॅट उरतात, थर्मल मीटरला (उष्णतेवरून पॉवर मोजणारा) ते कळणारच नाहीत. फोटोडायोडच्या पुढे ५३२ चा अरुंद फिल्टर लावाच, कारण काचेतला रंग कधीकधी स्वतः चमकतो आणि तो प्रकाश धरला तर ओडी खोटाच कमी दिसतो. चष्मा स्टँडवर, कुणाच्याही डोळ्यावर नाही, हे सांगायला नकोच.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण ओडी म्हणजे सगळं नव्हे हो. ओडी ४.३ खरा धरला तरी २ वॅटचे ०.१ मिलिवॅट उरतात, ते क्षणभर नजर पडण्याच्या १ मिलिवॅटच्या मर्यादेत बसतं. खरा प्रश्न काच बीम झेलेल का हा आहे. ईएन २०७ मध्ये (लेझर चष्म्यांचं युरोपीय मानक) डी म्हणजे सलग चालणारा लेझर, आणि एलबी६ ला ५३२ वर चौरस मिलिमीटरला १० वॅट, तेही ५ सेकंद, सोसावे लागतात. तुमचा बीम चौरस मिलिमीटरला १.१ वॅटच्या आसपास बसतो, एलबी५ ची हद्द १, म्हणजे एलबी६ च हवा. ही चाचणी काच खराब करूनच होते, ती प्रयोगशाळेत करत बसू नका. फोडवाला चष्मा आजच बाजूला काढा, त्याच्यावर कधीतरी बीम पडलेला आहे, आणि फोड केवढा लहान आहे हे बघू नका. काचेवर कोटिंग असेल तर ३० अंशापर्यंत तिरकी धरूनही मोजा, तिरकी झाली की अडवायचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो.

८०८ चं दुर्लक्ष करू नका. हिरवा लेझर बहुतेक वेळा ८०८ च्या पंपावर (आतल्या लेझरला ऊर्जा देणारा अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश) चालतो, आतला आयआर (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर नसेल तर ते बाहेर येतं, डोळ्याला दिसत नाही आणि तुमच्या चष्म्यातून आठवा भाग आत जातो.

मूळ धागाकर्ता:
पट्टी लावून बघितली, ४.२! दोघांचेही मनापासून आभार. फोडवाला कपाटाबाहेर काढून त्यावर "वापरू नये" लिहिलं. आता लेझरमधून ८०८ किती बाहेर येतंय ते मोजायचंय, त्यासाठी हिरवा अडवून ८०८ सोडणारा फिल्टर कोणता घ्यावा, कुणी वापरलाय का?