महापालिकेची आर्थिक विकास संस्था: कंपनी असावी की कक्ष?

प्रश्न: फौंड्री, गूळ, चर्मोद्योग आणि पर्यटन यांचा एकत्रित विचार करणारी स्वतंत्र संस्था कोल्हापूर महापालिकेला स्थापन करता येईल का? तिचे स्वरूप कसे असावे: स्वतंत्र कंपनी, की महापालिकेतीलच एक छोटा विभाग म्हणजे कक्ष?

उत्तर १: 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हा विषय आहे, त्यामुळे तो महापालिकेच्या कक्षेबाहेरचा म्हणता येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील ना-नफा कंपनीत महापालिका, उद्योजक संघटना व शिक्षणसंस्था एकत्र बसू शकतात. मात्र केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेसाठी शहरांत स्थापन झालेल्या कंपन्यांमध्ये लोकप्रतिनिधी बाजूला पडल्याची जी तक्रार झाली, ती लक्षात घेऊन वार्षिक आराखडा सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे बंधन संस्थेच्या नियमावलीतच असावे.

उत्तर २: कंपनी की कक्ष, हा वाद मला दुय्यम वाटतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती महापालिका हद्दीबाहेर आहेत, आणि त्यांना शहरात घेणारी हद्दवाढ आपल्याकडे वर्षानुवर्षे रखडत आली आहे. 2017 साली शहरासभोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, परंतु त्याचा भर जमीनवापर व बांधकाम परवानगीवर आहे. जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींना भागीदार केल्याशिवाय ही संस्था फक्त शहरातील दुकानदारांपुरती उरेल.

उत्तर ३: सुरुवात कोल्हापुरी चपलेपासून करावी. तिचे 2019 चे भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांकडे संयुक्तपणे आहे. कारागिरांची या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून देणे, हे काम लहान कक्षही करू शकेल.