शब्दचर्चा : 'गो ऑफ', म्हणजे वाजलं की बंद पडलं?

प्रश्न : 'द सायरन वेंट ऑफ नियर आयर्विन ब्रिज' याचं भाषांतर 'आयर्विन पुलाजवळचा भोंगा बंद पडला' असं होईल ना? ऑफ म्हणजे बंदच.

– उलट, भोंगा वाजला! सांगलीत या पुलापाशी कृष्णा नदी पुराची 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 च्या धोका पातळीकडे निघालेली असताना असं भाषांतर केलंत तर अवघड होईल. भोंगा, गजर यांना 'गो ऑफ' लागलं की ते अचानक वाजू लागतात. बॉम्ब, बंदूक, फटाका असेल तर उडतात. दिवा, पंखा, हीटर मात्र बंद होतात. म्हणून आधी कर्ता बघा, मग अर्थ लावा. आपलं 'उडणं' तरी काय वेगळं आहे? बार उडतो तेव्हा आवाज होतो, बल्ब उडतो तेव्हा अंधार.

– भर घालतो. समई, मेणबत्ती, चूल विझली तर 'वेंट आउट'च. तिथं 'ऑफ' चालत नाही. गल्लीतली लाईट गेली तर दोन्ही चालतात.

– दूध राहिलं की! 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. विटलेली भाजी, आंबलेली आमटी, वास मारणारे मासे, सगळ्यांना हेच. हा वापर ब्रिटिश. अमेरिकेत 'गो बॅड' म्हणतात. पण भडंग सादळलं तर 'गो ऑफ' नाही. ते मऊ पडलंय, बिघडलेलं नाही. 'सॉफ्ट' किंवा 'स्टेल' म्हणा.

प्रश्न : मग 'ही वेंट ऑफ द अलार्म' म्हणजे त्यानं गजर वाजवला?

– नाही सर. या अर्थी 'गो ऑफ'ला कर्म चालत नाही. गजर आपण होऊन वाजतो. कुणाच्या हातून वाजला तर 'ही सेट ऑफ द अलार्म'. इथं पोरं हमखास घसरतात : 'सेट द अलार्म' म्हणजे गजर लावला, 'सेट ऑफ' म्हणजे वाजवला, आणि 'टर्न ऑफ' म्हणजे बंद केला. 'सेट' भूतकाळातही 'सेट'च राहतं, 'सेटेड' नाही.

– मात्र 'आय हॅव गॉन ऑफ टी' बरोबर आहे. चहावरचं मन उडालं. आधी आवडत होता, आता नको वाटतो, एवढं त्यात गृहीत असतं. कधीच न आवडलेल्या गोष्टीला हे लावू नका.

– आणि 'द वेडिंग वेंट ऑफ वेल' : लग्न नीट पार पडलं. यातलं 'वेल' गाळू नका. नुसतं 'द वेडिंग वेंट ऑफ' ऐकणाऱ्याला अर्धवट वाटतं.